करडे गोटे

वर्धा रोडला घर, तिसऱ्या मजल्यावर टेरेस,
बावीसशे फूट, सगळं उघड्या आभाळाखाली.
डिझायनर पुण्याची. म्हणाली, काका,
आता माणसं घरात राहत नाहीत, घराबाहेर राहतात.
मी तीस वर्षं रस्त्यांवर डांबर ओतलं,
घराबाहेर राहणं तू मला शिकवू नको,
असं अगदी ओठांवर आलं होतं.
पण कुंदाने कॅटलॉग उघडला
आणि एका पानावर ती अशी थांबली
की मी चेकबुक शोधायला उठलो.

मग आलं सगळं. सागवानी डेक,
मांडवच, पण त्याला पर्गोला म्हणायचं,
पावसात न भिजणारा सोफा,
आणि कडेला पोहायचा हौद,
ज्याचं पाणी काठावरून सांडतं आणि सरत नाही.
गोटे आले तीन ट्रॉली, कुठल्याशा नदीचे,
करडे, ठिपक्यांचे, धुतलेले,
नुसते पाहायला.

एवढंच, की हे नागपूर.
होळी झाली आणि डेकवर पाय ठेवेना.
न भिजणाऱ्या सोफ्यावर बसायचं तर पहाटे पाच ते सहा,
त्यातही पाऊण तास डास.
बाकी दिवसभर आम्ही काचेच्या आत, एसीत,
आपलंच टेरेस पाहत बसायचो,
हलवायाच्या दुकानाबाहेर उभ्या पोरांसारखे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात झिबल माळी
झारी तिथेच ठेवून उलटा आला.
"तिकडं जाऊ नका साहेब, टिटवीनं अंडे देल्ले.
तीन माळे चढून देल्ले म्हणजे
पाणी लय येईन यंदा."
चार अंडी. मातकट, काळ्या शिंतोड्यांची.
बोट दाखवूनही मला दिसेनात,
गोट्यांत गोटे.

आणि मग सुरू झालं तिचं राहणं.
दुपारी सेहेचाळीस, कावळासुद्धा पंख्याखाली यायला बघतोय,
आणि ती उभी, अंड्यांवर,
पंख सैल सोडून, चोच उघडी,
स्वतःच स्वतःचा मांडव.
मग नर यायचा पाळी बदलायला.
ती तुरुतुरु हौदाच्या काठाला,
पाण्यात पोट बुडवायची, नीट, सावकाश,
आणि थेंब सांडू न देता परत येऊन
ओलं पोट अंड्यांवर टेकायची.
त्या उन्हाळ्यात आमच्या हौदात
उतरलं ते एवढंच.

नऊ मेला कुंदाची साठी. ऐंशी पाहुणे,
सावजीचा आचारी आठ दिवस आधी सांगून ठेवलेला,
पर्गोल्याला दिव्यांच्या माळा.
मी म्हटलं, एक रात्र हाकलू, येईल परत.
कुंदा काही बोलली नाही,
फक्त माळा काढायला लागली.

पार्टी पार्किंगमध्ये झाली.
दोन्ही गाड्या रस्त्यावर काढल्या,
पाइपने फरशी भिजवली, वाफ आली, मग गारवा,
सतरंज्या, दोन लोखंडी कूलर घरघरत,
खसाच्या ओल्या वासात रश्श्याचा झणका.
नाक पुसत, हा हू करत लोक जेवले.
कोणी म्हणालं, अरे, ते टेरेस तर दाखवा!
मग दोघं-दोघं वर नेले.
माझे मेहुणे, ज्यांचा आवाज बर्डीपर्यंत जातो,
काचेला नाक लावून उभे राहिले,
चपला हातात,
श्वास धरून.

पिल्लं निघाली त्या सकाळी झिबलने हेल्मेट घातलं.
टोपलीत चार कापूसगोळे, दांडीएवढे पाय,
जिन्याने खाली, मागच्या पडीत प्लॉटवर.
दोघं टिटव्या त्याच्या डोक्यावर तुटून पडत होत्या,
अख्खी कॉलनी गॅलरीत.

जूनमध्ये डिझायनरने फोटो मागितला,
तिच्या कामांच्या यादीत लावायचा होता.
मी एप्रिलमधला पाठवला.
डेक, सोफा, हौद, गोटे, भर दुपार.
तिचं लगेच उत्तर आलं:
किती मोकळं दिसतंय काका,
बरं झालं, मध्ये कोणीच नाही.

कुंदाने फोन हातात घेतला,
चित्र दोन बोटांनी मोठं केलं,
मग अजून मोठं.