चपला

चिठ्ठीत कारणासाठी एकच ओळ असते.
मी लिहिलं : रक्तदाब एकशे साठ, पायांवर सूज.
कार्बनखाली नाव उमटावं म्हणून पेन दाबलं :
सुकांती वेळीप, गावडोंगरी, आठवा महिना.

सासू म्हणाली, "माझे चारही घरातच झाले गो बाय."
पाचव्याबद्दल ती बोलली नाही,
मीही विचारलं नाही.

कायतानने गाडी वळवली.
करमल घाटात फोन लागत नाही
हे ठाऊक असून लावत राहिले.

बाकाखाली तिच्या चपला राहिल्या,
सुजल्या पायांत न मावलेल्या.
झाडताना उचलायच्या,
परत तिथंच ठेवायच्या.

सोमवारी नवरा दारात उभा.
बाळाचं काही बोलेना.
म्हणाला, "सिस्टर, मडगावहून सांगून पाठवलंय तिनं,
चपला घेऊन ये.
मावतात म्हणते आता."