घडी

एका दिवसाचे दोनशे, महिन्याचे अठराशे.
म्हटलं, आधी एक दिवस बघू.
गिऱ्हाईक असंच म्हणतं, आधी बघू,
आणि सव्वीस वर्षांत नुसतं बघण्याचे
मी कुणाकडून पैसे घेतले नाहीत.

नाव विचारलं. आधार, म्हटलं.
पोरगी म्हणाली, कार्ड नको काका, नुसतं नाव.

रिंग रोड, तिसरा मजला, खाली मोबाइलचं दुकान.
सहालाच जिना चपलांनी भरलेला.
जळगावात इतकी माणसं इतक्या लवकर
भाजीच्या लिलावालाच उठतात, असा माझा समज.

चाळीस चटया, खिडकीपासून दारापर्यंत.
माझ्या वाट्याला जांभळी आली.
मनगटाचा एक झटका दिला
आणि ती उलगडत गेली थेट भिंतीपर्यंत,
सरळ, कुठं चुणी नाही.
शेजारची बाई म्हणाली, वा, तुम्ही जुने दिसता इथले.
मग नीट बघून, अहो, तुम्ही तर...
हो ताई. मुलीचं लग्न, डिसेंबर.
मोरपंखी काढून ठेवली होती, तुम्ही डाळिंबी नेली.

बसा, म्हणाली मॅडम.
बसण्यात मला कोण हरवणार?
पांढऱ्या गादीवर मांडी घालून दहा ते नऊ,
दिवाळीत बारापर्यंत.
मॅडम भुसावळची, माझ्या धाकटीच्या वयाची.
तिनं वर्ग थांबवला:
बघा, काकांचे गुडघे कसे टेकलेत जमिनीला.
चाळीस माना वळल्या.
माल दाखवायची सवय मला,
माल होण्याची नव्हती.

मग म्हणाली, उभे राहा.

तिथं सगळं उतरलं.
पुढे वाका, तर हात गुडघ्यापाशी अडले.
एका पायावर झाड व्हा, तर झालो,
वावधनात सापडलेली केळ.
घरून निघताना बायको बोललीच होती,
तुमनी पाठ लाकूड व्हई गई,
तठे जाईसन मोडी लेऊ नका.
काका, भिंतीचा आधार घ्या.
आधारनं भिंतीचा आधार घेतला.
कालच्या उन्हानं भिंत अजून कोमट होती.

शेवटी आडवं व्हायचं. डोळे मिटायचे.
ती एकेक अवयवाचं नाव घेत गेली, सोडून द्या, सोडून द्या.
अंगठा. टाच. पोटरी.
खाली काळीपिवळीवाला ओरडत होता, एरंडोल, एरंडोल, दोन सीट.
कंबर म्हणाली, तर मला निऱ्याच आठवल्या.
खांदा म्हणाली.
डावा खांदा.
पदर मी याच खांद्यावर टाकतो
आणि आरशापुढे उभा राहतो.
बाया आधी तोंडावर हात ठेवून हसतात,
मग माझ्याकडे बघायचं सोडून पदराकडे बघतात.
लग्नाच्या, डोहाळजेवणाच्या, सासूला द्यायच्या,
एक तर अशी, जी म्हणाली होती,
आईला नेसवायची आहे, शेवटची, चांगली द्या.
किती टाकले असतील या खांद्यावर,
एकही राहिला नाही.
सोडून द्या, म्हणाली मॅडम.
आता काय सोडू?
तरी काहीतरी घसरलं, हलकं,
जरीच्या वजनाचं.
एसीचं पाणी बादलीत टपकत होतं.
मला वाटतं मी थोडा घोरलो.

उठल्यावर लोक बाटल्या घेऊन पांगले,
चटया तशाच पसरलेल्या.
मला ते बघवेना. गिऱ्हाईक गेलं की
हात आपोआप चालतात.
पाच गुंडाळल्या, सहावीला मॅडम धावत आली,
काका, अहो राहू द्या, मावशी आहेत त्याला.

डाळिंबीवाल्या ताईंनी जिन्यात विचारलं,
उद्या येणार ना?
म्हटलं, बघू, घरी विचारून सांगतो.

असं म्हणणाऱ्या बाया परत येत नाहीत, मला माहीत आहे.
पण पायरी उतरताना एकदा मागे बघतात.
मीही बघितलं.
पाच चटया कोपऱ्यात नीट उभ्या
आणि माझी जांभळी तेवढी
तशीच उलगडलेली.