सव्वीसच्या आत

शलाकाने जाताना फ्रीजवर कागद चिकटवला:
बावीस ते सव्वीस.
अठ्ठावीसच्या वर नको, आई, काहीही झालं तरी.
मी हसले.
मे महिना, लष्कर, तिसरा मजला, वर उघडी गच्ची.
इथे टाकीचं पाणी दुपारी हात पोळतं
आणि फालके बाजारातली कुत्री
ओळखीच्या माणसाकडेही मान वळवत नाहीत.

काचेच्या पेटीत हा.
बोटभर अंग, वर तेवढीच शेपटी,
रंग मुरैन्याच्या गजकचा, म्हणून नाव गजक.
डोळ्यांवर काटेरी झालर आहे, पापण्या नाहीत.
धूळ बसली की जिभेनेच डोळा पुसतो.
रामसखी झाडू घेऊन दारातच थबकली,
"दीदी, छिपकली पाल ली?"
म्हटलं, हो गं, पालच. पाळली.
दोन भाषांच्या मधोमध राहिल्याचे असे किरकोळ फायदे.

एकतीस वर्षं मी रक्तपेढीत काढली.
तिथे दोन ते सहा.
दर चार तासांनी आकडा, खाली सही.
काटा न बघता आकडा कधी लिहिला नाही,
हे वरच्या मजल्यावर अतिदक्षतेत होते त्या रात्रीही नाही.
त्यामुळे गजकची वही
पहिल्याच दिवशी आपोआप आखली गेली.
शलाकाच्या खोलीत एसी चोवीसवर.
मी बाहेर, कूलरपाशी.

दिवे मालवले की त्याची सकाळ होते.
एक चमचा पूड, दोन चमचे पाणी,
लापशीहून सैल, ताकाहून दाट,
बाटलीच्या झाकणात, फांदीच्या उंचीवर.
जमिनीवर वाढलेलं त्याला रुचत नाही.
मग पानांवर पाण्याचा फवारा;
थेंब चाटतो, भांड्यातलं पाणी बघतही नाही.
आंबा कधीतरी, नखावर मावेल इतका. संत्रं मुळीच नाही.
मंगळवारी आणि शनिवारी रातकिडे,
त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून लहान,
कॅल्शियमच्या भुकटीत घोळवलेले.
आणि घोळवणारी मी,
जिच्या ओट्यावर आजवर अंडंही फुटलं नाही.

नऊ जून. रात्री साडेदहाला वीज गेली.
अकरा वाजता सत्तावीस.
साडेअकराला साडेअठ्ठावीस.
खाली कोणीतरी वीजमंडळाला शिव्या घालत होतं, अगदी तालात.
मी पेटी न्हाणीघरात नेली,
फरशीवर बादलीभर पाणी ओतलं,
बर्फाच्या बाटल्या जुन्या परकरात गुंडाळून
काचेपासून वीतभर लांब ठेवल्या,
आणि उठताना ओल्यावर पाय सरकला.
मी पडले नाही. पेटी आपटली.

शंका आली की मनात पाल चुकचुकते म्हणतात.
ही चुकचुकलीसुद्धा नाही.
शेपटी सुटली आणि एकटीच
टॉर्चच्या उजेडात वळवळत राहिली,
जणू तिला कुठे तरी वेळेवर पोचायचं होतं.
तो फांदीला चिकटून, आखूड,
माझ्याकडे बघत. की कुठेच न बघत,
पापण्या नसल्यावर काय कळणार.

घरातल्या पालींना पुन्हा फुटते.
याला फुटत नाही.
ते कागदाच्या मागे लिहिलेलं होतं.
मागची बाजू मी त्या रात्री पहिल्यांदा वाचली.

वीज आली तीनला.
शेपटी टाकवेना. एका रिकाम्या कुपीत घातली,
सवयीने लेबल लावलं: तारीख, वेळ.

शलाकाचा फोन रोज येतो, जिथे जूनमध्येही बारा असतं तिथून.
तीन दिवस मी म्हटलं, चोवीस आहे. पंचवीस आहे.
खरंच होतं.
चौथ्या दिवशी कॅमेरा वहीवर धरला
आणि काही बोलले नाही.
ती वाचत असताना तिच्या खिडकीतला
तो न मावळणारा उजेड माझ्या भिंतीवर पडला होता.

१० जून. सकाळी ६. तापमान २५. शेपटी नाही.
रात्रीचं झाकण चाटून लख्ख.
सही.