देठ

छिंगथियेनला, ओउ नदीच्या काठी माझं दुकान:
तीन फूट रुंद, बाकी दगडाची धूळ.
मी शिक्के कोरतो.
नाव उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं.
चाळीस वर्षं हेच. आता भिंतीवरचं कॅलेंडरही
मी आधी उजवीकडून वाचतो.

मंगळवारी एक बाई आल्या, साठीच्या.
दारात एक माणूस, दोघांच्या ओल्या छत्र्या सांभाळत.
बाईंनी रुमालातून शिक्का काढून टेबलावर ठेवला,
डॉक्टरपुढे पडलेला दात ठेवावा तसा.
"घासून टाका," म्हणाल्या.

मी तो लाल शाईत टेकवला, एकदा उठवून पाहिला.
येन जाओदी.
जाओ म्हणजे बोलावणं: डावीकडे हात, उजवीकडे हाक.
दी म्हणजे डावीकडे बाई,
आणि तिला खेटून धाकटा भाऊ.
मुलीवर मुलगी झाली की असं नाव ठेवत आमच्याकडे.
तिला नकोशी म्हणायला जीभ रेटायची नाही,
मग हवासा जो, त्याला तिच्या नावात बसवायचं.
ती जन्मभर सही करणार,
आणि प्रत्येक सहीत दुसऱ्याच कुणाला तरी बोलावणार.

"मग, आला का?" विचारायला नको होतं, विचारलं.
बाईंनी मानेनंच दार दाखवलं.
छत्र्यांवाला ओशाळून हसला,
पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा.
"हिच्या पाठीवर दोघी," तो म्हणाला, "मग मी.
आणि मग पाच वर्षांचा होईपर्यंत
हिच्याच पाठीवर मी."

मला जुनी खोड आहे, सांगत बसलो:
बाई, यातला भाऊ मुळात भाऊ नव्हेच.
तीन हजार वर्षांपूर्वी हाडांवर कोरला, तेव्हा
तो एक दांडा होता, त्याला गुंडाळलेली दोरी.
वेढ्यावर वेढा. वेढ्यांतून क्रम आला,
क्रमातून धाकटा.

"म्हणजे दोरीच," त्या म्हणाल्या.
"वाटलंच होतं मला."

मग पोलीस चौकीचा कागद उलगडला.
जाओ गेलेला. दी राहिलेली, पण अक्षर निराळं:
वर गवत, गवताखाली सम्राट.
अर्थ, देठ.
"आवाज तोच ठेवला," म्हणाल्या. "साठ वर्षं ओ दिलीय त्याला.
नाव बदलता येतं, कान कुठून आणू?"

मी म्हटलं, काही जाणते सांगतात,
तो सम्राटसुद्धा आधी फुलाचा देठच होता,
सिंहासनावर मागाहून बसला.
काही म्हणतात, नाही, ती होमाच्या लाकडांची मोळी.
हाडं काही बोलत नाहीत.

"सम्राटाचं मला काय?
मी औषधांच्या दुकानात तराजूवर होते.
पर्सिमन खाऊन लोक टाकून देतात तो वरचा भाग,
चार पाकळ्यांचा, वाळून लाकूड झालेला,
आम्ही विकायचो. उचकीवर उकळून देतात.
फळ कशाला धरून होतं ते
फळ गेल्यावर हातात येतं."

मी शिक्का पाण्यात बुडवून घासायला घेतला.
आधी हात गेला, मग हाक,
बाई आणि भाऊ एकदमच गेले,
एकमेकांना इतके चिकटून होते.
दगड गव्हाच्या दाण्याइतका बुटका झाला.
येनसुद्धा पुन्हा कोरावं लागलं. त्याचे पैसे मी लावले नाहीत.

नवं नाव उठवलं. त्यांनी जवळ धरून पाहिलं,
लांब धरून पाहिलं. फुंकर घातली.
काही बोलल्या नाहीत. पैसे स्वतःच मोजले.
मघाचा कागद, जुन्या नावाचा,
टेबलावरून कधी नाहीसा झाला कळलं नाही.
भावाच्या खिशावर मात्र
शाईचं लाल बोट उमटलं होतं.

आणि दोन्ही छत्र्या माझ्याकडेच राहिल्या.
मी दारात धावलो. म्हणणार होतो, अहो बाई,
पण तोंडात ते ताजं नावच होतं:
"दी!"

भुरभुर पावसात, पुलाच्या पायऱ्यांवर,
दोघंही वळले.