स्मॉल एफ

तीस वर्षं मी चौकोन भरतोय.
लाल भरला की धागा वर,
कोरा ठेवला की खाली.
मोर असाच केला, कमळ असंच,
एकदा एका चादरीवर अख्खा घोडा, आयाळीसकट.
कुणी म्हणालं नाही,
अंबादास, आयाळीला कोपरे दिसतात.

मग अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
मालकाच्या पोरानं मोबाइल नाकासमोर धरला.
गोव्याचं कुठलंसं हॉटेल,
चारशे डझन टॉवेल, कोपऱ्यात एकच अक्षर.
स्मॉल एफ. पळत्या लिपीतला.
"पळता पाहिजे, काका. उभा नको."
मी काढून दिला.
त्यानं मान तिरपी केली, परत सरळ केली.
"हा तर जिना झाला."

जिना तर जिना.
चौकोनाला चौकोनच चिकटणार की बे.
पण दाजी पेठेपर्यंत सायकल मारताना
तो जिना डोक्यात वरखाली करत होता.

घरी भार्गवीची चार रेघी वही उघडी.
दोन तांबड्या रेघा, दोन निळ्या,
आणि पानभर एफ, एकामागे एक,
रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे.
"नायना, हे एकच अक्षर चारही रेघांना शिवतं.
मॅडम म्हणाल्या."
मी म्हटलं, मला शिकव.
ती हसली नाही. दुसरीतली पोरगी,
धंद्याचं बोलणं तिला कळतं.

"पेन्सिल उचलायची नाही."
तीस वर्षं मी उचलतोच आहे.
भरला, उचलला. भरला, उचलला.
तेलुगू शाळेत कधीकाळी गोल गोल गिरवलं होतं,
पण तो हात आता माझ्याकडे नाही,
कुठल्या पाटीवर पुसला गेला कोण जाणे.
"एवढी घट्ट धरू नको. ती कुठे जात नाहीये."
पहिला दुधी भोपळा निघाला.
दुसऱ्याचं पोट सुटलं.
तिसरा वर नीट चढला, वळला, सरळ तळाला आला
आणि तिथेच बसला. पुढे काय करावं त्याला सुचेना.

बायको दारात सूप घेऊन बसली होती,
हजारातल्या दोनशे बिड्या बाकी होत्या.
तिला ना एफ येतो ना अ.
ती मान वर न करता म्हणाली,
"बीडीचं तोंड मिटतो तसं मीट की.
नखानं आत ढकलायचं आणि सोडायचं."

ढकललं. सोडलं.
खालचा फास मिटला
आणि शेपटी सुटून पुढच्या अक्षराकडे बघायला लागली.
पुढे अक्षर नव्हतंच, तरीपण.

रात्री पत्रा गार होईपर्यंत मी आलेखावर बसलो.
जिथे हात सावकाश गेला होता
तिथे पायरीला तीन चौकोन दिले,
जिथे पळाला तिथे एक.
कारखान्यात पोरानं पाहिलं आणि
काही न बोलता कार्डं पाडायला पाठवलं.
पहिला टॉवेल मागातून उतरला.
डोळ्याला लावला तर अजूनही जिनाच.
हात लांब केला की पळतो.

गुरुवारी भार्गवीची वही तपासून आली.
पानाखाली चांदणी,
आणि चौथ्या ओळीतल्या सातव्या एफला तांबडा गोल.
शेजारी मॅडमनी लिहिलं होतं,
इथे पेन्सिल उचलली आहे.

"तो तुझा आहे," भार्गवी म्हणाली,
"मी सांगितलं मॅडमना, नायनाचा आहे म्हणून."
मग दप्तरातून खोडरबर काढून माझ्यापुढे सरकवलं,
आणि शेंगाची चटणी मागायला आत गेली.