वांग्याची गाय

राजेंद्र नगरात सकाळी सातला गाडी येते, गाणं लावून,
आणि बाबा ओरडतात, "शलाका, कचरा केलास का वेगळा?"
ओला, सुका, काच, प्लास्टिक.
मला कोण शिकवणार.

निइगाताजवळच्या त्या गावात
पहिल्याच आठवड्यात माझी पिशवी उचलली नव्हती.
वर लाल चिठ्ठी. वाचता येईना.
दिवसभर ती रस्त्याच्या कडेला बसून राहिली
वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी,
आणि येणारे-जाणारे तिच्याकडे
न बघता बघत होते.
संध्याकाळी शेजारच्या होरिउचीबाईंनी हातमोजे घातले,
गाठ सोडली,
चहाच्या चोथ्यातून एक बॅटरी काढून दाखवली.
न रागावता. न हसता.
"पिंगुरे-सान," म्हणाल्या. पिंगळेतला ळ त्यांना झेपायचा नाही.
(फोनवर बाबा म्हणाले, चला,
आडनावात गुरं तरी आली.)

इथे सगळे विचारतात, चेरीच्या फुलांचं सांग ना.
सराफ्यात, हातात भुट्ट्याच्या किसाचा द्रोण,
मी म्हणते, छान होती.
काय सांगू, की रोज पाचला
गावभर भोंग्यांवर एक धून वाजायची,
मुलांनो, घरी जा,
आणि वृद्धाश्रमात मी ज्यांचे पाय धूत असे
ते नव्वदीचे आजोबा
बूट शोधायला लागायचे.
एकदा मीही.

आई गेली तेव्हा तिकडे बर्फ. विमानं बंद.
दहावा मी फोनवर पाहिला,
पिंडाजवळ येऊन चित्र थिजलं.

ऑगस्टात, त्यांच्या पितरांच्या दिवसांत,
होरिउचीबाईंनी काकडीला चार काड्या टोचल्या.
घोडा. येणाऱ्यांनी लवकर यावं.
वांग्याला चार. गाय.
जाताना रमतगमत जावं.
मग विचारलं, इंदूर किती लांब?
मी सांगितलं.
त्यांनी फ्रिज उघडून दुसरी काकडी काढली,
जरा मोठी.
समुद्र आहे ना मध्ये.

आज अविधवा नवमी.
ठेलेवाला म्हणाला, दीदी, भरते का चाहिए तो ये लो.
मी म्हटलं, गाईसाठी हवंय.
त्याला वाटलं, खायला घालणार.
एक वांगं वर फुकट दिलं.

ते होरिउचीबाईंना. जूनमध्ये गेल्या.
लेकीचा मेसेज आला, चार ओळी, त्यात तीनदा क्षमा.
त्यांचा घोडा मी रात्रीच करून ठेवला होता.
काकडी मोठी घेतली.

सवाष्ण म्हणून आलेल्या देवासकरकाकू
पानाशेजारच्या गाईंकडे बघून गप्प जेवल्या.
बाबा बराच वेळ बघत होते.
"शिंगं?" म्हणाले,
आणि मसाल्याच्या डब्यातून चार लवंगा आणल्या.

तिकडे हे सगळं नंतर
पांढऱ्या कागदात, चिमूटभर मीठ घालून,
जळणाऱ्या कचऱ्याच्या वारी देतात.
इथे सकाळी पिवळ्या जॅकेटातली बाई
बादलीत डोकावते. "दीदी, ये तीलियाँ अलग."
गाणं पुढच्या गल्लीकडे निघालेलं,
मी रस्त्यात उभी राहून
एकेक पाय काढते.
शिंगं राहू देते.