हिस्सा लिहा

दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात
पंखा फक्त साहेबांच्या टेबलापुरता होता.
बाबूने विचारलं, दोघींचं नातं?
मी म्हटलं, सुकट.
तो हसला नाही. रकान्यात लिहिलं, मैत्रीण.

बावीस वर्षं मिरकरवाड्याला
एकाच ताडपत्रीवर जवळा उलथवला आम्ही.
ढग आला की एक टोक हलिमाचं, एक माझं.
कुठली बाजू कुणाची, विचारायला वेळ कुणाला होता?

आता घेतोय एक खोली, एक किचन,
झाडगावात, दुसरा मजला.
खिडकीतून समुद्र दिसत नाही,
म्हणूनच परवडली.

बिल्डरची किंमत एक, सरकारने धरलेली दुसरी,
जास्त असेल तिच्यावर मुद्रांक शुल्क.
हलिमा म्हणाली, म्हणजे बांगडा घेतला बांगड्याच्या भावात
नि दलाली भरायची सुरमईची?

हिस्सा लिहा, बाबू म्हणाला.
नऊ आणे हिचे, सात आणे माझे.
तिच्या पाटल्या जड निघाल्या, माझी ठेव हलकी.
आणे बंद झाले, टक्के सांगा.
त्याने मोबाइलवर भागाकार केला:
छप्पन्न पूर्णांक पंचवीस.
हलिमा म्हणाली, आठ-आठच लिवा ना.
मी म्हटलं, नको. जे आहे ते लिहा.
बाबू म्हणाला, ठरवा काय ते. नंतर फिरवायचं तर बक्षीसपत्र,
त्याचा स्टॅम्प वेगळा.
एका आण्यालाही?
एका आण्यालाही.

निसार होडीवरून परतला नाही
त्या साली तिचं दुकान मी चालवलं.
माझं गर्भाशय काढलं
तेव्हा डबा, पैसे, रात्रपाळी तिची.
किती आणे इकडून तिकडे गेले,
कुणी चलन फाडलं नाही.

मग अंगठा. मशीन घेईना.
पुसून घ्या. पुसला. परत ठेवा. ठेवला.
तिचाही घेईना.
मिठाने खाल्ल्या रेषा, मी सांगितलं,
सरकारला आम्ही दोघी सारख्याच कोऱ्या.
शेवटी शाईची डबी निघाली कपाटातून.
माझा ठसा पसरला, तिच्या चौकटीत गेला
बोटभर.
बाबूने बघितलं, टिपकागद दाबला,
म्हणाला, चालतंय.

रिक्षात हलिमा गप्प. मारुती मंदिरापाशी म्हणाली,
जवळा वाळवायचा कुठं पण?
गच्चीवर.
गच्ची सगळ्यांची असते गो.
सगळ्यांची म्हणजे
आपले किती आणे?